हासळीच्या हाडाला सूज आली, तर आधी तळवे पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन येतो आणि त्याच्या आगेमागे वृत्तपत्रांतून आमवात, गुडघ्यांची झीज, गाऊट यांवर भरपूर छापून येते. ते यायलाच हवे. पण त्यात सॅफो या हाडे, सांधे आणि त्वचेच्या आजाराचे नाव कधी दिसत नाही. दहा हजारांत फार तर एखाद्याला होणारा हा आजार आहे, तेव्हा आपल्या बहुतेक वाचकांना तो होणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीही जागा मागतो आहोत. हा आजार ओळखण्याची खूण बहुतेकदा रुग्णाच्या तळव्यांवर किंवा पाठीवर उघडी असते. ती कोणी पाहत नाही, म्हणून माणसे वर्ष-दीड वर्ष क्षयाची औषधे घेतात, किंवा कर्करोग हाडात उतरला या धास्तीत महिने काढतात.

सॅफो हे पाच शब्दांच्या आद्याक्षरांचे नाव आहे. सायनोव्हायटिस म्हणजे सांध्याच्या अस्तराचा दाह, अ‍ॅक्ने म्हणजे मुरुम, पस्ट्युलोसिस म्हणजे पूभरल्या पुटकुळ्या, हायपरऑस्टोसिस म्हणजे हाड जाड होत जाणे आणि ऑस्टिआयटिस म्हणजे खुद्द हाडाचा दाह. स्वित्झर्लंडमध्ये गिडियन यांनी १९७२ मध्ये मुलांमधला असा हाडांचा दाह नोंदवला. जपानमध्ये सोनोझाकी यांनी १९८१ मध्ये तळव्यांवरच्या पुटकुळ्या आणि छातीच्या हाडांचे दुखणे यांची सांगड दाखवली. पुढे १९८७ मध्ये फ्रान्समधील शामो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या ८५ रुग्णांची माहिती एकत्र करून या विखुरलेल्या दुखण्याला एक नाव दिले. पाचही गोष्टी एकाच रुग्णात असाव्याच लागतात, असे मात्र नाही. पाच पुऱ्या होईपर्यंत वाट पाहणारा डॉक्टर हे निदान कधीच करू शकणार नाही.

मोठ्या माणसांत दहापैकी सहा ते नऊ जणांचे दुखणे छातीच्या पुढच्या बाजूला असते. हासळीचे हाड, म्हणजे ज्याला आपण सर्रास कॉलरबोन म्हणतो, ते छातीच्या मधल्या हाडाला जिथे मिळते तो गळ्याखालचा सांधा, आणि हासळीला पहिल्या बरगडीशी बांधणारा अस्थिबंध, ही या आजाराची आवडती जागा. अस्थिबंध हाडात जिथे रुजतो तिथे दाह सुरू होतो आणि त्याच्या भोवती नवे हाड साचत जाते. हासळीचे आतले टोक दुसऱ्या बाजूपेक्षा जाड दिसू लागते. दुखणे रात्री आणि पहाटे जास्त असते. कुशीवर वळताना, वेणी घालताना, दोरीवर कपडे वाळत टाकताना, दुचाकीच्या हँडलवर खड्ड्यांचे हादरे बसताना कळ येते. ताप बहुधा नसतो, वजन उतरत नाही. सीआरपी आणि ईएसआर या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे आकडे थोडे वाढलेले असतात किंवा अगदी नॉर्मल येतात, आणि मग ‘रिपोर्ट चांगले आहेत, मनावर घेऊ नका’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. छातीत दुखते म्हटल्यावर पहिल्यांदा ईसीजी काढायचा, हे बरोबरच आहे. दाबल्यावर दुखते एवढ्यावरून हृदयविकार नाही, असे कोणी धरू नये. पण हृदयाच्या तपासण्या पुन्हा पुन्हा नॉर्मल आल्या आणि दुखणे महिनोन्‌महिने त्याच जागी राहिले, तर ‘गॅस’ किंवा ‘स्नायू लचकला’ यावर थांबू नये.

आता तळव्यांकडे. सॅफोतल्या पुटकुळ्या तळहाताच्या मध्यभागी, अंगठ्याच्या उंचवट्यावर, पायाच्या खोलगट भागात आणि टाचेच्या कडेला घोळक्याने उठतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या पिवळट पुटकुळ्या आठवडाभरात वाळून तपकिरी ठिपके होतात आणि कातडी सोलते. आत पू दिसतो, पण त्यात जंतू नसतो. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, पाठवले तर काहीच वाढत नाही. आपल्याकडे याला इसब, नायटा, चिखल्या, साबणाची किंवा सिमेंटची अ‍ॅलर्जी अशी नावे मिळतात आणि औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड, बुरशीनाशक व अँटिबायोटिक एकत्र असलेले मलम आणले जाते. त्यातल्या स्टेरॉइडने आठ दिवस बरे वाटते, मलम थांबले की दुप्पट जोराने परत येते. बुरशी आहे की नाही हे कळायला त्वचेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघणे पुरते. काही मिनिटांची तपासणी आहे, आणि तिच्याविना वर्षानुवर्षे मलमे चोळली जातात.

तळव्यांवर काही नसेल तर पाठ आणि छाती पाहावी. गाठीगाठींचे, एकमेकांत बोळ पडलेले, व्रण ठेवून जाणारे मुरुम हे दुसरे रूप आहे, आणि ते तरुण पुरुषांत अधिक दिसते. तिसरे रूप म्हणजे पुन्हा पुन्हा होणारी काखमांजरी आणि जांघेतली गळवे. एकदाची काखमांजरी वेगळी. पण दर दोन-तीन महिन्यांनी चिरावी लागत असेल आणि सोबत हाड दुखत असेल, तर हे नाव आठवलेच पाहिजे. केसांत किंवा कोपरांवर सोराइसिस आहे का, नखांना खळगे आहेत का, तेही बघावे. इथे घोटाळा होतो तो काळाचा. त्वचा आणि हाड एकाच वेळी बिघडतात असे नाही. बहुतेकांत दोन्हींमध्ये दोन वर्षांपर्यंतचे अंतर असते, क्वचित त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून ‘आत्ता अंगावर काही आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘पूर्वी कधी तळव्यांना पुटकुळ्या आल्या होत्या का?’ असे विचारावे लागते. आणि काहींच्या त्वचेवर कधीच काही येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात मार न लागता हाडाला सूज आली की पहिला संशय क्षयाचा येतो. तो अनाठायी नाही. हाडाचा क्षय आपल्याकडे खरोखर आहे आणि तो चुकवणे महागात पडते. अडचण आहे ती पुराव्याशिवाय कोर्स सुरू होण्यात. हाडाच्या क्षयाचे औषध १२ ते १८ महिने चालते. हाडाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या, म्हणजे बायॉप्सीच्या, अहवालात ‘क्रॉनिक नॉन-स्पेसिफिक इन्फ्लमेशन’ असे लिहून येते, म्हणजे क्षय सिद्धही नाही आणि नाकारलेलाही नाही, आणि ‘बघू या देऊन’ म्हणून गोळ्या सुरू होतात. मग रुग्णाला दोन महिन्यांत बरे वाटते. सॅफो हा मुळात चढउतारांचा आजार आहे, दुखणे आपोआपही ओसरते. शिवाय सोबत पेनकिलर चालू असते, आणि कोर्समधले रिफाम्पिसिन क्षयाखेरीज इतर जंतूंवरही चालते. या तिन्हींचे श्रेय क्षयाच्या निदानाला मिळते. पुढच्या उसळीत ‘औषधाला दाद न देणारा क्षय’ असा शिक्का बसतो आणि गोळ्या वाढतात. दरम्यान पायरॅझिनामाइडने युरिक अ‍ॅसिड चढून सांधे दुखू लागतात, काहींचे यकृत बिघडते, आणि मूळ दुखणे कोणते, औषधाचे कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही.

क्षय आणि सॅफो यांतला फरक सांगणाऱ्या काही गोष्टी आहेत. संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थंड गळू, वाहणारी जखम, घरात क्षयाचा रुग्ण, मणक्यालगत पूची मोठी पिशवी, दोन मणक्यांमधली चकती पार नष्ट झालेली, हे सारे क्षयाकडे बोट दाखवते. सॅफोत शेजारशेजारच्या अनेक मणक्यांचे पुढचे कोपरे झिजलेले आणि घट्ट झालेले दिसतात, मोठी पिशवी बहुधा नसते, आणि मणक्यासोबत छातीचे हाड किंवा माकडहाडाच्या वरचा एका बाजूचा सांधाही धरलेला असतो. यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. ज्यांचा क्षयाचा कोर्स चालू आहे त्यांनी हे पत्र वाचून एकही गोळी बंद करू नये. त्यांनी आपल्या डॉक्टरांना एवढेच विचारावे: जंतू सापडला आहे, की लक्षणांवरून निदान केले आहे? निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी प्रणालीत या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या जातात, तेव्हा उत्तर कागदावर मिळू शकते.

तपासण्यांबद्दल. छातीच्या साध्या एक्स-रेत हासळी, बरगड्या आणि पाठीचा कणा एकमेकांवर पडतात, म्हणून सुरुवातीचा बिघाड त्यात हरवतो. त्या सांध्याचा सीटी स्कॅन हाडाची जाडी आणि झीज स्वच्छ दाखवतो. आज दाह जिवंत आहे की जुने व्रण उरले आहेत, हे एमआरआयच्या स्टर नावाच्या छायाचित्रांत कळते. सगळ्यात बोलका असतो तो टेक्नेशियमचा बोन स्कॅन. सुई दिल्यावर दोन-तीन तासांनी चित्र घेतात. छातीच्या हाडाचा वरचा भाग आणि दोन्ही हासळ्यांची आतली टोके एकदम उजळून निघाली, की शिंगे उगारलेले बैलाचे डोके दिसते. पोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्या मुलखात ही आकृती कोणाला समजावून सांगावी लागू नये. पण ती प्रत्येक रुग्णात येत नाही, आणि ती न ओळखणाऱ्याला तेच उजळलेले ठिपके कर्करोगाच्या गाठी वाटतात. पेट स्कॅनमध्ये तर तशी चूक अधिकच सहज होते. मूळ गाठ शोधण्यासाठी मॅमोग्राफी, एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी अशी रांग लागते. ती रांग सुरू होण्याआधी मोजे काढून पाहायला दोन मिनिटे लागतात.

तुकडा काढावाच लागला, तर तो कसा पाठवला जातो यावर सगळे अवलंबून असते आणि इथे होणारी चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळा नमुना फॉर्मलिनच्या एकाच बाटलीत टाकला जातो. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरला काही उरत नाही. ‘जंतू आढळला नाही’ या अहवालाला मग काडीचाही अर्थ राहत नाही. नमुन्याचे तीन भाग व्हायला हवेत. एक दहा टक्के फॉर्मलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. दुसरा निर्जंतुक डबीत साध्या सलाईनमध्ये, सीबीनॅट या क्षयजंतूच्या जनुकीय तपासणीसाठी आणि क्षयाच्या द्रव कल्चरसाठी. हे कल्चर नकारात्मक म्हणायला सहा आठवडे थांबावे लागते. तिसरा इतर जंतूंच्या कल्चरसाठी, प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंसह. या तिसऱ्या भागाच्या चिठ्ठीवर ‘१४ दिवस ठेवावे’ असे लिहावे, कारण मुरुमांत सापडणारा क्यूटिबॅक्टेरियम अ‍ॅक्निस हा जंतू सॅफोच्या हाडातही कधी कधी मिळतो आणि तो फार सावकाश वाढतो. प्रयोगशाळेने पाचव्या दिवशी प्लेट फेकली तर तो कधीच दिसणार नाही. रुग्णाची प्रकृती परवानगी देत असेल तर तुकडा काढण्यापूर्वी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवणे चांगले.

उपचारांत पहिली पायरी दाह कमी करणाऱ्या वेदनाशामकाची. नेप्रॉक्सेन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर, जठराच्या संरक्षणाच्या गोळीसह, दोन ते चार आठवडे नियमित, असा प्रयोग केला जातो. दुखले की एक गोळी, अशी घेतली तर दाह तसाच राहतो आणि ‘पेनकिलर लागू पडत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, हृदयविकार किंवा या गोळ्यांनी वाढणारा दमा असेल तर ही वाट बंद.

सांध्यांना सूज असेल तर मेथोट्रेक्सेट देतात, साधारण १० ते २० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. हे वाक्य आम्हाला ठळक करून छापता आले असते तर बरे झाले असते. ही गोळी रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. वार ठरवावा, तो डबीवर मराठीत लिहावा, आणि घरात आणखी एकाला सांगून ठेवावा. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन तपासायचे. तोंडात फोड आले तर पुढचा डोस न घेता डॉक्टरांना गाठायचे. गर्भधारणेचा विचार असेल तर हे औषध चालत नाही, मद्यही चालत नाही.

हाडाच्या दुखण्यावर मेथोट्रेक्सेटपेक्षा बिस्फॉस्फोनेट, म्हणजे हाडाची झीज रोखणारे औषध, अधिक उपयोगी पडते, आणि ते आपल्याकडे कमी वापरले जाते असे आमचे मत आहे. पॅमिड्रोनेट साधारण ६० मिलिग्रॅम, काही तास सलाईनमधून सावकाश देतात. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किमान १५ मिनिटांत जाते. पहिल्या डोसनंतर एक ते तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून दुसऱ्या डोसला येत नाही. देण्यापूर्वी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहायलाच हवे. ‘ड’ कमी असताना औषध दिले तर रक्तातले कॅल्शियम घसरून हातापायांना पेटके येतात. किडलेले दात आधी काढून किंवा भरून घ्यावेत, कारण औषधानंतर दात काढल्यास जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो. हे औषध हाडात वर्षानुवर्षे राहते, म्हणून मूल होऊ द्यायचे आहे अशा स्त्रियांत निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

याने भागले नाही तर टीएनएफरोधक, म्हणजे शरीरातला टीएनएफ हा दाह वाढवणारा घटक अडवणारी, इंजेक्शने येतात. अ‍ॅडालिमुमॅब ४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी देतात. आपल्या देशात धोका आहे तो झोपलेला क्षय जागा होण्याचा. छातीचा एक्स-रे, सुप्त क्षय शोधणारी माँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही हे सर्व आधी. सुप्त क्षय निघाला तर प्रतिबंधक उपचार किमान महिनाभर आधी सुरू करावे लागतात. दुसरी एक विचित्र गोष्ट: हेच इंजेक्शन काहींच्या तळव्यांवर नव्याने पुटकुळ्या आणते. हाड बरे, तळवे बिघडले, असे झाले तर औषध बदलावे लागते. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनबाबतही सावध राहावे. गंभीर मुरुमांत ते एकदम पूर्ण डोसात सुरू केले तर मुरुम भडकून त्यासोबत ताप आणि हाडदुखी येऊ शकते. मुरुमांच्या रुग्णाने हाड दुखते हे त्वचारोगतज्ज्ञांना सांगितलेच पाहिजे.

तळव्यांच्या पुटकुळ्यांचा आणि धूम्रपानाचा संबंध पक्का आहे. हे रुग्ण बहुतांश विडी-सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले असतात. सोडल्याने सर्वांचे तळवे साफ होतात असे वचन देता येत नाही, पण ओढत राहून मलमांवर पैसे घालणे व्यर्थ आहे. जपानमध्ये तळव्यांच्या पुटकुळ्यांसाठी टॉन्सिल काढतात आणि दातांची कीड शोधतात. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी धावू नये, दात मात्र दाखवावेत.

जबड्याचे वेगळे सांगायला हवे. एका बाजूचा खालचा जबडा सुजतो, तोंड कमी उघडते, आणि दाताचे दुखणे समजून एकामागून एक दात काढले जातात. दात निरोगी आणि एक्स-रेत हाड मात्र पांढरे, घट्ट दिसत असेल तर तिसरा दात काढण्याआधी थांबावे. एका हाताला अचानक सूज येऊन तो निळसर झाला तर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करावा. जाड झालेली हासळी तिच्याखालची शीर दाबते आणि तिथे गुठळी होऊ शकते.

मुलांमध्ये हाच दाह हासळीसोबत गुडघा आणि घोट्याजवळच्या लांब हाडांत, वाढीच्या पट्टीला लागून बसतो. रात्री पाय दुखतात म्हटले की ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून दिले जाते. वाढीचे दुखणे दोन्ही पायांत असते, सकाळी मूल खेळू लागते. एकाच जागी दाबून दुखणे, लंगडणे, सूज, ही वाढीची लक्षणे नव्हेत. मुलाच्या हासळीच्या आतल्या भागातली सूज तर विशेष लक्ष देण्यासारखी, कारण जंतुसंसर्ग किंवा गाठ तिथे क्वचितच होते. शक्य असेल तर पूर्ण शरीराचा एमआरआय करावा. न दुखणारी ठिकाणेही त्यात सापडतात, आणि मणका खचू लागला असेल तर तो वेळेत कळतो. एकच सुजलेले हाड असेल तर रक्ताचा आणि हाडाचा कर्करोग वगळण्यासाठी तुकडा काढावाच लागतो, आणि पालकांनी त्याला नकार देऊ नये.

अस्थिरोगाच्या ओपीडीत गर्दी किती असते ते आम्ही जाणतो. तरी केसपेपरवर ‘तळवे, पाठ, काखा पाहिल्या’ अशी एक ओळ वाढवावी, आणि त्वचेच्या ओपीडीत ‘छातीचे हाड किंवा पाठ दुखते का?’ हा एक प्रश्न. दोन्ही विभाग बहुधा एकाच इमारतीत असतात. रुग्णांनी पुटकुळ्या उठल्या की त्याच दिवशी मोबाइलवर उजेडात फोटो काढून ठेवावा, तारखेसह, कारण ओपीडीचा नंबर लागेपर्यंत त्या वाळून गेलेल्या असतात. स्कॅनचा फक्त छापील अहवाल नेऊ नये, सीडी आणि फिल्मही न्यावी. आणि कोणी पुन्हा तुकडा काढायचे सुचवले, तर आधी जुन्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या जिथे तपासणी झाली त्या प्रयोगशाळेतून लेखी अर्ज करून मागून घ्याव्यात. त्याच ब्लॉकवरून दुसरे मत घेता येते, हाडाला पुन्हा हात लावावा लागत नाही.

आपले नम्र,
संधिवात, त्वचारोग आणि अस्थिरोग विभागांत काम करणारे काही डॉक्टर,
पुणे